नरम सालीचा बॉल

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कूलरवाला आला आणि जुन्या ताट्या काढून खसच्या नव्या ताट्या बसवून गेला. पहिलं पाणी सोडलं, पंखा घरघरला आणि ओल्या वाळ्याचा वास बैठकीत भरला. नागपुरात उन्हाळा पाऱ्यावरून कळत नाही, या वासावरून कळतो. बाकीच्या घरांत माणसं तो वास आला की दोन मिनिटं डोळे मिटून बसतात. मी उठून गच्चीवर जातो, भर उन्हात. गेली तीन वर्षं हेच चाललंय. वर्षा, माझी बायको, पहिल्या वर्षी विचारायची, आता विचारत नाही. तिला ठाऊक आहे की त्या उन्हाळ्यात याच बैठकीत, याच वासात बसून मी आमच्या मुलीसाठी गोल्फचा बॉल शोधत होतो. परवडणारा आणि चांगला.

वाचणाऱ्याला हसू येईल. मी पाटबंधारे खात्यातला आरेखक, म्हणजे दिवसभर कालव्यांचे नकाशे काढणारा माणूस. असल्या माणसाच्या घरात गोल्फ कुठून आला? तो आला मागच्या भिंतीवरून. आमच्या क्वार्टर्सच्या मागे गोल्फचं एक जुनं मैदान आहे. हिरवळ म्हणाल तर पावसाळ्यात चार महिने, तीही गाजरगवताची. इतर ठिकाणी जिथे खड्डा असतो आणि झेंडा रोवलेला असतो, तिथे गालिच्यासारखं गवत राखतात. आमच्याकडे तिथे तेल घालून दाबलेली रेती. तिला ब्राऊन म्हणतात. बाकी सगळी काळी माती, उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. त्या मैदानातून आठवड्याला एक-दोन बॉल भिंत ओलांडून आमच्या मोरीपाशी येऊन पडायचे. सानिका, तेव्हा नऊ वर्षांची, ते गोळा करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवायची.

ते परत मागायला शेषराव यायचे. साठीच्या आसपासचा, सुकलेल्या खारकेसारखा माणूस. चाळीस वर्षं मैदानावर साहेब लोकांच्या बॅगा वाहिल्या, मग गुडघे गेले. तेव्हापासून नाल्यात, टाक्यात, बाभळीखाली हरवलेले बॉल शोधून विकायचं काम. संत्र्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरून ते बॉल मैदानाच्या फाटकापाशी टांगून ठेवायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की या माणसाकडे पांढरी संत्री विकायला आहेत.

"बॉल दे वं माय," ते भिंतीपलीकडून म्हणायचे. "मालकाचा हाये थो."

सानिका द्यायची नाही. बदल्यात काय देणार, असं विचारायची. एक दिवस शेषरावांनी वैतागून एक जुनी, दांडा कापून लहान केलेली स्टिक भिंतीवरून आत सोडली. आमच्या घरात गोल्फ आला तो असा.

शेषरावांनीच तिला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, जवळ उभे राहून 'हां' किंवा 'अंहं' एवढंच म्हणायचे. पण बॉल मात्र त्यांनी तिला नीट शिकवला. ते फाटकापाशी सिमेंटच्या ओट्यावर बसायचे, एकेक बॉल खांद्याइतक्या उंचीवरून ओट्यावर सोडायचे आणि कान द्यायचे. "हा बोलते," म्हणून उजवीकडे. "हा मुका झाला. पाण्यात लय दिवस राह्यला," म्हणून डावीकडे. बॉलच्या वरच्या आवरणाला ते साल म्हणायचे. कडक सालीचा बॉल लांब जातो, पण पडला की पळत सुटतो. नरम सालीचा तितका लांब जात नाही, पण पडला की थांबतो. कडक सालीचा स्वस्त, नरम सालीचा महाग. या खेळातलं निम्मं ज्ञान एवढंच आहे, आणि ते मला एका निरक्षर माणसाकडून मिळालं. उरलेलं निम्मं मी नंतर ऑफिसात डबा खाता खाता मोबाइलवर वाचलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

सानिकाची बारावीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात निवड चाचणीची सूचना आली. अठरा वर्षांखालच्या मुली. राज्यभरातून चार घेणार. निवड झालेल्या चौघींना दोन वर्षं राहणं, शिकणं, शिक्षक, सामान, प्रवास, सगळं मिळणार. चाचणी मे महिन्याच्या शेवटी, एका दिवसाची, अठरा खड्ड्यांचा एकच डाव, आणि तीही नागपुरातच, मिहानच्या पलीकडे झालेल्या नव्या मैदानावर. सानिकाला जुलैत अठरा पूर्ण होणार होती. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची. झाली तर खेळ, नाही तर घराजवळचं कॉलेज आणि बी.कॉम. बी.कॉम. वाईट असतं असं मी म्हणत नाही. मी स्वतः डिप्लोमावाला, मला म्हणायचा अधिकारही नाही. पण त्या मुलीला मी कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. दिवाळीला कापड कुठलं घ्यायचं विचारलं तर 'कोणतंही' म्हणणारी. ती सूचना वाचून तिनं मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, मला हे पाहिजे." सतरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून मी 'पाहिजे' ऐकलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी घाबरलो.

घाबरलो त्याचं कारण शेषरावांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ते नवं मैदान पाहिलेलं होतं.

"तिकडं सारं गवत हाये जी. मखमल. तिकडं बॉल थांबला पायजे. अन् आपली पोट्टी शिकली ब्राऊनवर. तिचा बॉल पडते अन् पयते."

"मग?"

"मंग काय. साल बदला."

वाक्य दोनच शब्दांचं. सानिका आजवर शेषरावांच्या पिशवीतले कडक बॉल खेळत आली होती. आमच्या रेतीवर ते घरंगळत खड्ड्यापाशी जायचे आणि तिला त्यांचा अंदाज होता. गवतावर तेच बॉल पलीकडे उतरून जाणार. स्टिक मागून मिळतात. एका निवृत्त डॉक्टरांनी तिला आपला जुना संच दिलाच होता. बूट एकदा घेतले की दोन वर्षं चालतात. बॉल मात्र हरवतो. खेळायचं म्हणजे हरवायचा, रोज एक तरी. नरम सालीच्या नव्या बॉलचा डझन म्हणजे आमच्या घराचा अर्ध्या महिन्याचा किराणा.

आमच्यासारख्यांचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत जातं: परवडणारं आणि चांगलं. आम्हाला नुसतं स्वस्त चालत नाही, त्यात कमीपणा वाटतो. नुसतं चांगलंही चालत नाही, त्यात छातीत धडधडतं. दोन्ही एका वस्तूत सापडेपर्यंत आम्ही शोधत राहतो आणि त्या शोधण्यालाच कर्तृत्व समजतो. मागच्या वर्षीची पुस्तकं, ठाणाच्या शेवटचं कापड, संध्याकाळी सातनंतरची केळी. घरी येऊन आम्ही ती वस्तू टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ओळखा बरं कितीला मिळालं. कुणी बरोबर ओळखलेलं आम्हाला आवडत नाही. मी हे आज कडवटपणानं लिहितोय. तेव्हा मला याचा अभिमान होता.

तर मी शोधायला लागलो. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं की दाट मिठाच्या पाण्यात बॉल तरंगतो, आणि त्याला गिरकी दिली की जड बाजू खाली जाते. प्रत्येक वेळी तोच भाग वर येत असेल तर बॉल एकीकडे जड, सरळ जाणार नाही. दर वेळी वेगळा भाग वर आला तर बॉल खरा. शेषरावांच्या पिशव्यांत नरम सालीचे जुने बॉल अधूनमधून सापडायचेच. तेच निवडून, तपासून घ्यायचे. नवा कशाला? मी रविवारी स्वयंपाकघरात मोठं पातेलं घेतलं, पाणी ओतलं, आणि फडताळातलं खडे मीठ घालायला सुरुवात केली. बॉल तरंगेना. आणखी घातलं. आणखी.

वर्षा बाहेरून आली तेव्हा मिठाची पिशवी रिकामी झाली होती आणि पातेल्यात अकरा बॉल डुलत होते.

"काय करून राहिले तुम्ही?"

"चाचणी."

"ते लोणच्याचं मीठ होतं." तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "आता याच्यावर मोहरीची डाळ टाका अन् फडकं बांधा. पावसाळ्यात खाऊ."

सानिका हसली. मीही हसलो. तेवढी एक दुपार त्या उन्हाळ्यात हसण्याची होती. ती गिरकी द्यायची, मी वर आलेल्या भागावर नकाशाच्या पेनानं बारीक ठिपका द्यायचो. पंचवीस वर्षं कालवे काढलेला माझा हात, ठिपका कसा अगदी नेमका पडायचा. पंधरा दिवसांत असे चाळीसेक बॉल आम्ही पाण्यातून काढले आणि त्यातले नऊ निवडले. नऊच्या नऊ नरम सालीचे, खरे, ओट्यावर बोलणारे. खर्च काय, तर दोन किलो मीठ. मी ऑफिसात चार जणांना सांगितलं.

त्या पहाटा मला अजून अंगावर आठवतात. साडेपाचला मैदानावर. साडेसातपर्यंत ऊन चटके द्यायला लागायचं. वर्षा सानिकाच्या खिशात कांदा ठेवायची, डोक्यातोंडाला पांढरा दुपट्टा. भेगाळलेल्या मातीत बॉल पडला की कधीकधी सरळ भेगेत जायचा. मी पोटावर पडून हात आत घालायचो. शेषराव ओरडायचे, "काहून हात घालून राहिले जी? इच्चू असते आत." मी घालायचोच. नऊ बॉल होते, त्यातला एक असा मातीत सोडून जाणं मला जमत नव्हतं. सानिका वर उभी राहून म्हणायची, "राहू द्या ना बाबा." आणि मी म्हणायचो, "असा कसा राहू देऊ?" मग बॉल काढून, पॅन्टला पुसून तिच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, "सांभाळून." हा शब्द त्या पंधरा-वीस दिवसांत मी तिला किती वेळा म्हणालो असेन, कुणी मोजला नाही ते बरं झालं.

दुपारी ती गच्चीवर जायची. कूलरची हवा सोडून, तापलेल्या गच्चीवर खडूनं गोल आखून त्यात जुन्या गोधडीवर स्टिकनं बॉल उचलून टाकायची. तळहाताला फोड आले. त्यावर पट्टी बांधून पुन्हा. वर ठप्प, ठप्प आवाज यायचा आणि खाली मी ऑफिसला न जाता पडलेलो असलो तर तो प्रत्येक ठप्प मोजत राहायचो. ही मुलगी इतकं करतेय, आणि उद्या एखाद्या फालतू गोष्टीनं अडलं तर. मी देवाला मानणारा माणूस नाही फारसा. त्या दिवसांत मात्र टेकडीच्या गणपतीवरून स्कूटर जाताना मी हळू करायचो.

आणि फालतू गोष्टीनंच अडलं. चाचणीला आठ दिवस असताना नियमांचा कागद आला. मी तो ऑफिसात, नकाशाच्या टेबलावर वाचला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: खेळाडूनं संपूर्ण डाव एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याच्या बॉलनं खेळायचा. हरवला तर दुसरा घ्यायचा, पण तोही तोच नमुना. तसे बॉल संपले तर कुणाकडून तसाच मागून आणायचा. तो मिळाला नाही तर डाव तिथंच थांबला.

आमचे नऊ बॉल पाच कंपन्यांचे होते.

शेषरावांना ठाऊक नसणं साहजिक होतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या, स्वतःच्या नावानं कधी स्पर्धेत उतरले नाहीत. पण मी? मी कागदवाचू माणूस. असा काही नियम असेल का, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण एका जातीचे डझनभर बॉल एकदम आणणारं घर कसं असतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं. तो नियम त्या घरांना नियम वाटतही नसेल. त्यांच्या डब्यात बारा सारखेच असतात.

त्या संध्याकाळी मी आणि सानिका शेषरावांच्या घरी गेलो. त्यांनी होत्या नव्हत्या तेवढ्या जाळीच्या पिशव्या फरशीवर उलट्या केल्या. तीन खोल्यांभर बॉल पळाले. शेषरावांची सून पोळ्या करताना पाय वर घेऊन बसली. आम्ही तिघे गुडघ्यांवर फिरत बॉलवरची अक्षरं वाचत होतो, खरं तर दोघंच, शेषराव नुसती खूण ओळखत होते. दोन तास. शेवटी एका नमुन्याचे चार निघाले. सगळ्यांत महागडी कंपनी, दोन वर्षांपूर्वीचा नमुना, नरम साल, चारही जवळजवळ नवे. शेषरावांनी उंबऱ्यावर सोडून पाहिले. चारही बोलले.

"चारच हायेत," ते म्हणाले. "पन एक नंबर हायेत."

तो नमुना कंपनीनं बंद केला होता, त्यामुळे बाजारात पाचवा मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही तरीही सीताबर्डीला गेलो. तिथल्या एका खेळाच्या दुकानात, क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरमच्या मागे, काचेच्या एका कपाटात गोल्फचं सामान होतं. दुकानदारानं तीन डबे काढले. एक महागडा, त्याला मी हातही लावला नाही. एक स्वस्त, कडक सालीचा. आणि तिसरा.

"ये बीचवाला लेके जाओ भाऊ," तो म्हणाला. "नाम किसी को मालूम नहीं, लेकिन रुकता है. मेरे पुराने गिऱ्हाईक यही लेके जाते."

किंमत महागड्याच्या निम्मी. सानिकानं एक बॉल डब्यातून काढला, नखानं साल दाबून पाहिली, फरशीवर सोडून कान दिला. शेषरावांची चेली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हा चालेल, बाबा."

सुटे मिळत नव्हते. डझनच घ्यावा लागणार होता. मी तो डबा हातात घेतला. इथे मला खोटं बोलायचं नाही. पैसे खिशात होते. त्यासाठी काही मोडावं लागणार नव्हतं, कुणापुढे हात पसरावा लागणार नव्हता. त्याच महिन्यात मी कूलरला नवी मोटर बसवली होती आणि तिच्याबद्दल दोनदा विचारही केला नव्हता. महिनाभर मी जो बॉल शोधत होतो, परवडणारा आणि चांगला, तो माझ्या हातात होता. बारा होते. आणि मी म्हणालो, "पण आपल्याकडे चार आहेत की. याच्याहून भारी."

तिनं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग "हो, बाबा," म्हणाली आणि हातातला बॉल डब्यात परत ठेवला, अक्षरं वर येतील असा, सरळ.

खूप वेळा मी स्वतःशी भांडतो की तिनं तेव्हा हट्ट का केला नाही. पाय आपटायचे होते. दुकानात रडायचं होतं. पण हट्ट करायचा असतो हे तिला कुणी शिकवलं होतं? तिला आम्ही भात उष्टा टाकू नको, पेन्सिल टोकापर्यंत वापर, एवढं शिकवलं होतं.

सानिका आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अर्धा वेळ एका ऑफिसात जाते, हसतमुख आहे, तिचं बरं चाललंय. गोल्फचं नाव घरात कुणी काढत नाही आणि काढलं तर ती सहज बोलते, विषय टाळतही नाही. टाळतो तो मी. मागे एकदा भिंतीवरून बॉल आला. ती बाहेर कपडे वाळत घालत होती. तिनं तो उचलला, ओट्यावर एकदा सोडला, कान दिला आणि भिंतीपलीकडे टाकून दिला. मी खिडकीतून पाहत होतो. बोलता होता की मुका, तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी सहालाच डाव सुरू झाला. सानिकाची बॅग शेषरावांनी उचलली. गुडघ्यांना पट्ट्या बांधून आले होते, धुतलेला सदरा घालून. आई-बापांनी पांढऱ्या दोरीच्या बाहेरून चालायचं होतं, बोलायचं नव्हतं. वर्षा घरीच थांबली. तिला पाहवणार नव्हतं. सानिकाबरोबर आणखी दोघी होत्या. त्यातल्या पांढऱ्या टोपीच्या मुलीच्या बॅगेचा एक अख्खा कप्पा बॉलनं फुगलेला होता.

ते गवत मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि त्या गवतावर आमचा बॉल पहिल्यांदा पडला तेव्हा मी श्वास रोखला होता. तो पडला आणि थांबला, झेंड्यापासून दोन पावलांवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा पडला, तोही थांबला. गवतावर शिकवणी घेतलेल्या त्या पोरींच्या बरोबरीनं आमची भेगांच्या मातीतली पोरगी चालली होती. तिसऱ्या खड्ड्यापाशी एक बॉल झुडपात गेला आणि सापडला नाही. तीन उरले. नवव्याला एक चांगला मारलेला बॉल सिमेंटच्या वाटेवर आपटून हद्दीबाहेर उडाला. दोन. तरीही पंधराव्या खड्ड्यापाशी एक बाई फळ्यावर प्रत्येकीचे फटके मांडत होत्या, जिचे कमी ती पुढे; तिथे मी नाव शोधलं. सानिका तिसरी होती. चार घेणार होते. खड्डे तीन उरले होते आणि बॉल दोन.

सोळाव्याला तळं आहे. बॉल तळ्यावरून पलीकडे न्यायचा, किंवा डावीकडच्या कोरड्या बाजूनं, जास्तीचे फटके घेत, वळसा घालून जायचं. तेवढं अंतर सानिका रोज मारायची. आमच्या मैदानावर नाल्यावरून, दिवसातून वीसदा. तिनं बॅगेतून लांबची स्टिक काढली.

"मार वं," शेषराव म्हणाले. मला दोरीबाहेर ऐकू आलं. "पोचते तुह्या हातून."

ती बॉलपाशी उभी राहिली. स्टिक मागे न्यायच्या आधी तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी ठरवून केलं नाही. हात आपोआप वर गेला, रस्ता ओलांडताना लहान मुलाचं मनगट धरावं तसा. मला तिला फक्त आठवण द्यायची होती की दोनच उरलेत. हे तिला ठाऊक नव्हतं असं मला का वाटलं, देव जाणे. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. लांबची स्टिक बॅगेत ठेवली. छोटी काढली आणि डावीकडे, कोरड्या जमिनीवर बॉल मारला. शेषराव तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मग पांढऱ्या टोपीची मुलगी आली. तिनं तळ्यावरून मारला आणि बॉल पाण्यात गेला. तिनं तोंड वाकडं केलं, त्या फुगलेल्या कप्प्यात न पाहता हात घातला, दुसरा काढला, तिथूनच मारला. पलीकडे. तिचा बाप माझ्या शेजारी उभा होता. तो बाटलीतून पाणी प्यायला. पाण्यात गेलेल्या बॉलकडे दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

तेव्हा मला कळलं, उभ्या उन्हात. चांगला बॉल कुठला, तर जो हरवला तरी चालेल तो. साल, मीठ, ठिपके, सगळं त्यानंतर. आणि तो मी बर्डीच्या दुकानात परत ठेवून आलो होतो. दोरी ओलांडून आत जावं, ओरडून सांगावं की मार, दोन्ही हरव, असं मला इतकं वाटलं की मी दोरी घट्ट धरून उभा राहिलो. सतराव्याला एक ओढा होता, तिथेही ती वळशानं गेली. अठराव्यालाही. अंतर तिच्या हातात होतं आणि तिन्ही ठिकाणी ती लांबच्या वाटेनं, जपून जपून चालत गेली.

ती पाचवी आली. एका फटक्यानं चौथी जागा गेली.

स्टँडवर कडुनिंबाखाली स्कूटर होती. शेषरावांनी बॅग खाली ठेवली, गुडघे दाबत दगडावर बसले. "पोट्टी पोचवत होती जी," ते म्हणाले. "काहून नाई मारलं, मले समजलंच नाई." त्यांनी माझी बोटं पाहिली नव्हती. मी त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

सानिका तोंड धुऊन आली. डोळे लाल होते, पण तिनं ते नीट पुसले होते. माझ्यासमोर उभी राहिली, खिशात हात घातला आणि दोन्ही बॉल काढून माझ्यापुढे धरले. पुसून स्वच्छ केलेले, एकावरही चरा नाही.

"दोन वाचले, बाबा," ती म्हणाली.

टोमणा नव्हता. मी तिच्या तोंडावर तो शोधला, असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच वाटत होतं की एवढी एक गोष्ट तरी आज मला आवडेल. मी हात पुढे केला, बॉल घेतले, आणि तिला शाब्बास म्हणालो.